मूठ आली, चूल मागे राहिली

आफ्रिकन-अमेरिकन साहित्यातला विद्रोह मराठीने आपलासा केला. त्याच साहित्यातल्या प्रेमाच्या आणि घरसंसाराच्या कादंबऱ्या वाचताना मात्र वाचकांत तट पडतात. असं का होतं?

हिंगणीच्या शिवारात दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो. दहीभाताचा नैवेद्य दाखवून सीतादही होते आणि मग बाया ओटी बांधून वेचणीला लागतात. संध्याकाळी काटा होतो, किलोमागे मजुरी ठरते. सेलू तालुक्यातलं हे गाव आज बोर धरण आणि व्याघ्र प्रकल्पाच्या वाटेवरचं म्हणून ओळखलं जातं, पण या सगळ्या पट्ट्याचं नशीब फार आधीपासून कापसाला बांधलेलं आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथल्या दक्षिणेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इकडे वऱ्हाड-नागपूरच्या कापसाचे भाव कडाडले. हिंगणघाटच्या कापसाचं नाव दूरवर गेलं. वर्धा जिल्हा वेगळा झाला तोही याच धामधुमीत, १८६२ मध्ये.

त्या कापसाच्या दुसऱ्या टोकालाही वेचणारे हात होते. १८६० मध्ये अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसं गुलाम होती. त्यांच्याही कापसाचा संध्याकाळी काटा व्हायचा, फक्त वजन कमी भरलं की पाठीवर चाबूक बसायचा. सॉलोमन नॉर्थप याने १८५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात हे बारकाईने लिहून ठेवलं आहे.

चाबकाइतकाच मोठा घाव घरावर होता. गुलामांचं लग्न कायद्याला मान्य नव्हतं. व्हर्जिनियात १६६२ मध्ये कायदा झाला की मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. म्हणजे बाप खुद्द मालक असला तरी आई गुलाम म्हणून मूलही गुलाम, आणि मालकाच्या मालमत्तेत एकाची भर. मालक कर्जात बुडाला की नवरा एका गावी, बायको दुसऱ्या आणि लेकरं तिसऱ्याच गावी विकली जात. १७९० ते १८६० या काळात सुमारे १० लाख माणसं अशी वरच्या राज्यांतून खालच्या कापूस-मुलखात नेली गेली.

१८६५ मध्ये गुलामगिरी संपली आणि ही माणसं आपलं माणूस शोधायला निघाली. कृष्णवर्णीयांच्या चर्चशी जोडलेल्या वृत्तपत्रांत जाहिराती येऊ लागल्या. न्यू ऑर्लिन्सच्या एका साप्ताहिकात १८७० च्या दशकाच्या अखेरीस ‘हरवलेले सोबती’ अशा अर्थाचं सदरच सुरू झालं. वर्गणीदार नसलेल्यांना एका जाहिरातीला ५० सेंट पडत. मजकूर साधा असे. आईचं नाव, पहिल्या मालकाचं नाव, कोणी कोणाला कधी विकलं, भावंडं किती, शेवटचं कुठे पाहिलं. रविवारी पाद्री तो व्यासपीठावरून वाचून दाखवत, कारण ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाचता येत नव्हतं. विसावं शतक उजाडलं तरी अशा जाहिराती येत होत्या.

हे लक्षात घेतलं की आफ्रिकन-अमेरिकन कादंबरी सतत प्रेम, लग्न, आई, लेकरू याच गोष्टींभोवती का फिरते ते उमगतं. ज्यांच्या आजी-आजोबांना नवरा-बायको म्हणवून घ्यायची मुभा नव्हती, त्यांनी संसारावर लिहिणं ही हौस नव्हे. सत्ता तिथे थेट माजघरात शिरली होती, म्हणून तिचा हिशेबही माजघरातच होणार.

मराठीत काय आलं?

मराठी माणसाची या समाजाशी ओळख जुनी आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना ती अर्पण केली. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाची प्रत मागितली. वर्धा-नागपूरचा धागा तर अधिकच जवळचा. पुढे मार्टिन ल्यूथर किंग ज्यांना गुरू मानत ते बेंजामिन मेज १९३६ च्या अखेरीस वर्ध्यात गांधीजींना भेटले. अमेरिकी नागरी हक्क चळवळीतले जेम्स लॉसन १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. कृष्णवर्णीयांनी माँटगोमेरीत केलेल्या बस बहिष्काराची बातमी त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली.

साहित्याच्या अंगाने म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांचा दाखला देत दलित लेखकांना विद्रोहाची हाक देऊ लागले. गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने या विचाराला जागा दिली. जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन नीग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ लिहिला. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने ‘दलित पँथर’ उभी केली, तिचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतलं होतं.

हे सगळं मोलाचंच होतं. पण या वाटेने आली ती वळलेली मूठ. त्यांच्या घरातली चूल मागे राहिली. अन्याय झालेल्या समाजाचा लेखक म्हणजे जाब विचारणारा, ही अपेक्षा वाचकाच्या मनात पक्की बसली. मग असा लेखक नवरा-बायकोच्या भांडणावर लिहितो तेव्हा वाचक गोंधळतो. कुणाला ते पळ काढणं वाटतं, तर कुणाला घरचं उणं चव्हाट्यावर मांडणं.

‘यात प्रश्न कुठे आहे?’

हा गोंधळ खुद्द अमेरिकेतही झाला. १९३७ मध्ये झोरा नील हर्स्टन यांची ‘देअर आईज वेअर वॉचिंग गॉड’ आली. फ्लोरिडातली जेनी, तिची तीन लग्नं आणि तिसऱ्यात गवसलेलं प्रेम, अशी ही गोष्ट. ‘नेटिव्ह सन’ लिहिणार असलेले रिचर्ड राइट तेव्हा तरुण होते. त्यांनी डाव्या विचारांच्या एका नियतकालिकात या कादंबरीवर टीकेची झोड उठवली. हिच्यात ना विषय आहे ना विचार, गोऱ्या वाचकाची करमणूक तेवढी आहे, असा त्यांचा रोख होता.

राइट यांच्या नजरेतून जेनीची आजी निसटली. आजी गुलामगिरीत जन्मलेली. नातीचं लग्न ती ६० एकरवाल्या वयस्क शेतकऱ्याशी लावून देते. प्रेमबीम नंतर बघू, आधी डोक्यावर छप्पर आणि नावावर जमीन हवी, हा तिचा हट्ट. नात तिला त्यासाठी कधीच माफ करत नाही. मुलीसाठी ‘शेतीवाला’ शोधणारे आईबाप विदर्भातल्या वाचकाला नवे नाहीत. आजीच्या त्या हट्टात गुलामगिरीचा अख्खा इतिहास दडलेला आहे; तो घोषणा होऊन येत नाही, स्थळ होऊन येतो.

हर्स्टन १९६० मध्ये विपन्नावस्थेत गेल्या. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. १९७३ मध्ये लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांनी ते शोधून तिथे दगड बसवला आणि त्यानंतर ही कादंबरी पुन्हा वाचली जाऊ लागली. आज ती तिकडच्या अभ्यासक्रमांत असते.

घरचं बाहेर का सांगितलं?

वॉकर यांच्या स्वतःच्या ‘द कलर पर्पल’ला १९८३ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालं. सेली ही सोसलेली, दबलेली मुलगी देवाला पत्रं लिहिते. नवरा तिच्या बहिणीची पत्रं वर्षानुवर्षं दडवून ठेवतो. १९८५ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी त्यावर चित्रपट काढला आणि निदर्शनं झाली. आक्षेप घेणाऱ्यांत कृष्णवर्णीय पुरुष पुढे होते. गोरे आधीच आम्हाला रानटी म्हणतात, त्यांच्या हातात आयतं कोलीत कशाला द्यायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

हा आक्षेप मराठीलाही परका नाही. बेबीताई कांबळे फलटणला किराणा दुकान चालवत. सामान बांधायला आणलेली वर्तमानपत्रं वाचता वाचता त्या लिहू लागल्या आणि लिहिलेले कागद नवऱ्याच्या नजरेला पडू नयेत म्हणून वर्षानुवर्षं लपवत राहिल्या. ‘जिणं आमुचं’ हे त्यांचं आत्मकथन पुस्तकरूपाने १९८६ मध्ये आलं. त्यात गावगाड्याचा जाच आहे, आणि त्याच पानांत सासवांच्या सांगण्यावरून सुनांची नाकं कापणारे नवरेही आहेत. बाबासाहेबांवरची त्यांची निष्ठा आणि घरातल्या पुरुषांवरची त्यांची टीका या दोन गोष्टी एकाच लेखणीतून उतरल्या. नवऱ्याने दडवलेली सेलीची पत्रं आणि नवऱ्यापासून दडवलेले बेबीताईंचे कागद शेजारी ठेवले, तर घरचं बोलायला किती धैर्य लागतं ते कळतं.

१८७३ सालचं घर

टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ १९८७ मध्ये आली. तिच्यातलं मुख्य कथानक घडतं १८७३ मध्ये, म्हणजे पुण्यात ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली त्याच वर्षी. फुले तिथल्या मुक्तीचा दाखला देत होते तेव्हा ती मुक्ती मिळालेल्या एका घरात काय चाललं असेल, याचं उत्तर या कादंबरीत आहे.

तिच्यामागे एक खरी घटना आहे. १८५६ च्या जानेवारीत मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री नवरा, मुलं आणि सासू-सासऱ्यांसह गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीला पळाली. पाठलाग करणाऱ्यांनी घर वेढलं तेव्हा तिने आपल्या दोन वर्षांच्या लेकीचा गळा चिरला. लेकरू मेलेलं चालेल, पण परत त्या नरकात जायला नको, असा तिचा निश्चय. पुढे खल झाला तो हा खून मानायचा की मालकाच्या मालमत्तेची नासधूस! प्रकाशन संस्थेत संपादक असताना मॉरिसन यांच्या हाती या घटनेचं जुनं कात्रण लागलं.

कादंबरीतल्या सेथच्या घरात ती मेलेली लेक परत येते. पॉल डी नावाचा जुना सोबती सेथवर प्रेम करतो, पण गुलामाने कशातही फार जीव गुंतवू नये, थोडाच लावावा, हे त्याचं सोसून आलेलं शहाणपण. सेथला तसं थोडं प्रेम जमत नाही. दोघांतला पेच हा आहे.

यावरही वाचक दुभंगले. समीक्षक स्टॅनली क्राउच यांनी या कादंबरीची जहरी टर उडवली. उलट ती राष्ट्रीय पुरस्काराविना राहिली म्हणून १९८८ च्या जानेवारीत ४८ कृष्णवर्णीय लेखक-समीक्षकांनी जाहीर निषेध नोंदवला. त्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं आणि १९९३ मध्ये मॉरिसन यांना नोबेल. शाळेत मुलांना ही कादंबरी नको, असं म्हणणारे पालक अमेरिकेत आजही आहेत.

वाट बघायची की नाही?

अलीकडे सर्वाधिक वाद घातला गेला तो तायारी जोन्स यांच्या २०१८ च्या ‘अ‍ॅन अमेरिकन मॅरेज’वर. रॉय आणि सेलेस्टियल, लग्नाला जेमतेम दीड वर्ष. न केलेल्या बलात्कारासाठी रॉयला १२ वर्षांची शिक्षा होते. त्या रात्री तो आपल्याजवळ होता हे बायकोला ठाऊक आहे, तरी न्यायालय तिचं ऐकत नाही. सुरुवातीला पत्रं, भेटी, मग हळूहळू अंतर. ती बालपणीच्या मित्राकडे ओढली जाते आणि पाच वर्षांनी रॉय निर्दोष सुटतो.

जोन्स यांना ही कथा सुचली ती अटलांटातल्या एका मॉलमध्ये. एक जोडपं भांडत होतं. मी आत असते तर तू सात वर्षं थांबला असतास का, असं ती म्हणत होती. तुझ्यावर ही वेळ आलीच नसती, असं तो. दोघांचंही खरं होतं. ओप्रा विन्फ्री यांनी आपल्या वाचक मंडळासाठी ही कादंबरी निवडली, २०१९ मध्ये तिला ‘विमेन्स प्राइझ’ मिळालं आणि वाचकांनी बाजू घेतल्या. बऱ्याच जणांचा राग बायकोवर. असा सोन्यासारखा माणूस, निर्दोष, आणि हिला थांबवलं नाही!

हिंगणीत ही गोष्ट कुणी सांगितली तर सावित्रीचा दाखला पहिल्या पाच मिनिटांत निघेल आणि कुणीतरी म्हातारी ‘तिचंबी वय होतं माय’ म्हणून तिची बाजूही घेईल. दोन्ही बरोबरच. फक्त या भांडणात एक पक्ष अलगद सुटतो. ज्या व्यवस्थेने रॉयला आत टाकलं तिला कादंबरीत मोजकीच पानं मिळतात, आणि वाचकही तिला चटकन विसरतो. जोन्स यांचं कसब यातच आहे. अन्याय करणारे निघून जातात आणि मागे उरलेली घरची माणसं एकमेकांना दोष देत बसतात, हे त्या वाचकाकडूनच करवून घेतात.

आपल्याकडे तुरुंगांतले सुमारे तीन-चतुर्थांश लोक कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. त्यांच्या बायका डबा, भाडं आणि मजुरीचा खाडा सोसून मुलाखतीला जातात. एखादी जायची थांबली की गाव तिच्याबद्दल बोलतं. तारखेमागून तारीख देणाऱ्याबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून ज्याला या साहित्यात शिरायचं आहे त्याने ‘अ‍ॅन अमेरिकन मॅरेज’पासून सुरुवात करावी, मग ‘द कलर पर्पल’ घ्यावी, ‘बिलव्हेड’ शेवटी, आणि ‘जिणं आमुचं’ कायम हाताशी ठेवावं. सेलेस्टियल चुकली की नाही, यावर खुशाल भांडावं. फक्त निकाल देण्याआधी त्या घरावर पहिला घाव कोणाचा पडला, हे विचारून घ्यावं.