हायाबुसा घाटात मागे का पडते?

सुझुकी कंपनीची हायाबुसा ही मोटारसायकल 1999 मध्ये बाजारात आली आणि दुकानातून विकत घेतलेल्या गाडीने ताशी 300 किलोमीटरचा टप्पा ओलांडता येतो हे तिने जगाला दाखवून दिले. त्यावर युरोपात एवढी ओरड झाली की, थोड्याच काळात प्रमुख कंपन्यांनी आपापल्या गाड्यांचा कमाल वेग 300 वरच रोखण्याचे आपसांत मान्य केले. आपल्याकडे घरोघरी हे नाव पोहोचले ते 2004 च्या ‘धूम’ या हिंदी चित्रपटामुळे. आजच्या हायाबुसाचे इंजिन 1340 सीसीचे असून ते 190 अश्वशक्ती देते आणि इंधनासह तिचे वजन सुमारे 265 किलो भरते. पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या केटीएम 390 ड्यूकचे इंजिन 399 सीसीचे, तिची शक्ती 46 अश्वशक्ती आणि वजन साधारण 168 किलो. दोन्हींवर 75 किलोचा चालक बसला असे धरून शक्तीला वजनाने भागले, तर हायाबुसा जवळपास तिप्पट सरस ठरते. तरीही ताम्हिणी किंवा वरंधा घाटात सारख्याच तयारीचे दोन चालक या गाड्या घेऊन उतरले, तर ड्यूक दोन-चार वळणांतच दिसेनाशी होण्याची शक्यता अधिक असते, आणि याचे कारण बहुतेकांना वाटते तेवढे सरळ नाही.

सर्वसाधारण समज असा की, जड गाडी वळणावर बाहेर फेकली जाते आणि हलकी गाडी रस्ता धरून राहते. भौतिकशास्त्राला हे मान्य नाही. वळणात गाडीला किती झुकावे लागते हे तिचा वेग आणि वळणाची त्रिज्या या दोनच गोष्टींवर ठरते. वजन समीकरणाच्या दोन्ही बाजूंना येत असल्यामुळे ते निघून जाते. 25 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 45 किलोमीटर वेगाने जाणारी कोणतीही दुचाकी, मग ती हायाबुसा असो की साधी स्कूटर, सुमारे साडेबत्तीस अंशांनी झुकते. वजन वाढले की रस्त्यावरचा दाब वाढतो आणि त्याबरोबर टायरची पकडही वाढते. ही वाढ अगदी त्याच प्रमाणात होत नाही, थोडी कमी पडते, पण सुक्या डांबरावर, समंजस वेगात तो फरक चालकाला जाणवण्याइतका नसतो. रुंद टायरची मात्र एक किंमत द्यावी लागते. गाडी झुकली की टायरचा रस्त्याला टेकलेला भाग आतल्या कडेकडे सरकतो, आणि टायर जितका रुंद तितका तो अधिक सरकत असल्याने तेच वळण त्याच वेगात घेण्यासाठी गाडीला थोडे जास्त झुकावे लागते. हायाबुसाचा मागचा टायर 190 मिलिमीटर रुंद आहे, ड्यूकचा 150.

म्हणजे एका वळणात स्थिर झाल्यावर दोन्ही गाड्यांची स्थिती जवळजवळ सारखीच असते. खरा प्रश्न त्या स्थितीपर्यंत पोहोचण्याचा आणि तिथून बाहेर पडण्याचा आहे. घाटात डावे वळण संपते न संपते तोच उजवे सुरू होते, तेव्हा डावीकडे तीस अंश झुकलेली गाडी उजवीकडे तीस अंश झुकवावी लागते आणि या पलटीला लागणारा वेळ गाडीच्या फिरत्या जडत्वावर, म्हणजे वळवू पाहणाऱ्या बळाला तिचे वस्तुमान किती विरोध करते यावर, अवलंबून असतो. हा विरोध एकूण वजनाइतकाच त्या वजनाच्या मांडणीवरही ठरतो. भरलेल्या घागरी कावडीच्या टोकांना असताना ती गर्रकन वळवणे जितके कष्टाचे, तितके त्या मध्याशी आणल्यावर राहत नाही. हायाबुसाचे चार सिलिंडरचे आडवे पसरलेले इंजिन, 20 लिटरची टाकी आणि ताशी अडीचशेच्या वाऱ्याला तोंड देण्यासाठी बसवलेले भरघोस आवरण हा सगळा ऐवज पलटीच्या वेळी चालकाच्या हातांवर येतो. शिवाय तिचा व्हीलबेस, म्हणजे दोन्ही चाकांच्या आसांमधले अंतर, 1480 मिलिमीटर आहे आणि ड्यूकचा साधारण 1360. व्हीलबेस लांब असला की सरळ रस्त्यावर गाडी ठाम राहते, पण हँडलला मिळालेल्या इशाऱ्याला ती सावकाश प्रतिसाद देते.

हा इशारा कसा द्यायचा, हेही अनेकांना ठाऊक नसते. दुचाकी उजवीकडे झुकवायची तर उजव्या मुठीवर पुढच्या दिशेने दाब द्यावा लागतो, म्हणजे क्षणभर चाक डावीकडे वळते आणि गाडी उजवीकडे कलते. याला काउंटरस्टीअरिंग म्हणतात. सायकलीपासून सगळेच जण नकळत हेच करतात, पण हलकी गाडी अंग कलवल्यावरही थोडीफार वळत असल्यामुळे चालकाचा गैरसमज टिकून राहतो. कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचे संस्थापक कीथ कोड यांनी हँडलच्या मुठींचा एक जादा जोड थेट सांगाड्यावर घट्ट बसवलेली गाडी तयार करून दाखवले की, त्या न वळणाऱ्या मुठी धरून नुसते अंग कलवल्याने मोटारसायकल नीट वळवता येत नाही. हायाबुसा घेतलेल्या माणसाला हे जाणीवपूर्वक शिकावेच लागते.

यापेक्षाही मोठा फरक ब्रेकच्या हिशेबात दडलेला आहे आणि तो वजनाहून शक्तीमुळे अधिक पडतो. दोन वळणांमधल्या छोट्या सरळ पट्ट्यात हायाबुसा ताशी 100 पर्यंत पोहोचली आणि ड्यूक 80 पर्यंत, असे समजू. पुढचे वळण 40 ने घ्यायचे आहे. दोघींचे ब्रेक सारख्याच तीव्रतेने, म्हणजे दर सेकंदाला वेग ताशी साधारण 22 किलोमीटरने कमी करत असतील, तर हायाबुसाला त्यासाठी सुमारे 54 मीटर लागतात आणि ड्यूकला सुमारे 31 मीटर. म्हणजे जास्त वेग घेणाऱ्या चालकाला ब्रेकही 23 मीटर आधी लावावा लागतो आणि मिळवलेल्या आघाडीचा बराचसा भाग तिथेच खर्ची पडतो. चालकासह वजन धरले तर या एका ब्रेकमध्ये हायाबुसाच्या डिस्कना ड्यूकच्या जवळजवळ अडीचपट ऊर्जा उष्णतेच्या रूपाने झेलावी लागते. तिचे ब्रेक त्या तोलाचे आहेत, पण लांबलचक उतारावर प्रत्येक वळणाला हाच खेळ चालू राहिला, तर गाडीच्या आधी चालकाचे मनगट थकते.

शक्तीची दुसरी अडचण गिअरची आहे. हायाबुसा पहिल्याच गिअरमध्ये ताशी शंभरच्या पुढे जाऊ शकते, त्यामुळे घाटात तिचा सारा व्यवहार पहिल्या दोन-तीन गिअरमध्येच उरकतो. खालच्या गिअरमध्ये मूठ किंचित जास्त पिळली किंवा एकदम सोडली तरी गाडी हिसका देते, आणि हा हिसका झुकलेल्या अवस्थेत बसणे धोक्याचे असते. आधुनिक हायाबुसामध्ये शक्ती सौम्य करणारे पर्याय आणि चाक घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे, त्यामुळे हा धोका बराच कमी झाला असला तरी नाहीसा झालेला नाही. ड्यूकचा चालक याच ठिकाणी मूठ मोकळेपणाने पिळू शकतो, कारण तिच्याकडून मिळणारे जास्तीत जास्त बळच मर्यादित आहे.

सह्याद्रीतल्या रस्त्यांची त्यात भर पडते. पावसाळ्यात दरडीबरोबर आलेली माती, वळणाच्या आतल्या कडेला साचलेली खडी, सावलीतले शेवाळ, आणि आवळ वळणावर पूर्ण रस्ता व्यापून वर येणारी एसटी. अशा वेळी मार्ग आयत्या क्षणी बदलावा लागतो, आणि तिथे शंभर किलोंचा फरक निर्णायक ठरतो. हायाबुसाची जमिनीपासूनची उंची जेमतेम 125 मिलिमीटर असल्याने खड्डे आणि गतिरोधक यांचाही तिला जाच होतो. गंमत अशी की जे रस्ते तिच्या स्वभावाला मानवतील, ते मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग दुचाकींना बंद आहेत. त्यामुळे तिच्या मालकाची गाठ घाटाशी पडणे अटळ असते.

मोठ्या त्रिज्येची, दूरवर दिसणारी वळणे आली की पारडे फिरते. तिथे लांब व्हीलबेसची गाडी रुळावरून धावावी तशी स्थिर राहते, चढावर मागे माणूस आणि सामान असूनही दमत नाही, आणि दिवसभराच्या प्रवासानंतर चालकाला कमी थकवते. अवघड घाटात मात्र तिच्यासाठी एकच रीत शहाणपणाची आहे: सरळ पट्ट्यात वेगाचा मोह टाळून दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये एकसारखा वेग राखावा, ब्रेकचे बहुतेक काम गाडी सरळ उभी असतानाच उरकावे, वळणात थोडे उशिरा आत शिरावे म्हणजे बाहेर पडण्याचा रस्ता आधी दिसतो, नजर त्या रस्त्यावर ठेवावी आणि मूठ हळूहळू उघडत जावे. असे चालवले तर हायाबुसा घाटात बरीच चपळ भासते, पण ड्यूकइतकी नव्हे. तेव्हा मागून आलेल्या हलक्या गाडीचा दिवा आरशात दिसू लागला, तर हायाबुसाच्या चालकाने पुढच्या सरळ पट्ट्यावर डावी बाजू धरून तिला जाऊ द्यावे.