बाइकवर लावल्यावर पस्तावा देणाऱ्या वस्तू

बाइकसाठी काही नवीन घ्यायचं मनात असेल, तर आधी हे वाचा.

सगळ्यात जास्त निराशा करतो तो मोबाइल होल्डर. फोन पडतो म्हणून नव्हे! चांगला होल्डर फोन घट्ट धरतो, आणि खरी गोची तिथेच आहे. हँडलची थरथर थेट कॅमेऱ्यात उतरते. हात हलला तरी फोटो स्पष्ट यावा म्हणून अनेक फोनमध्ये लेन्स चुंबकांच्या साहाय्याने किंचित हलती ठेवलेली असते. सततच्या कंपनांनी ही यंत्रणा बिघडू शकते. मग कॅमेरा उघडला की चित्र नाचतं, फोकस बसत नाही. ॲपलने २०२१ मध्ये याबद्दल जाहीर सूचनाच दिली होती. होल्डर हवाच असेल तर रबरी डॅम्परवाला घ्या, किंवा नकाशासाठी जुना फोन वापरा.

हँडलच्या टोकाला लावायचे आरसे दिसतात झकास. पण ते बसवताना बऱ्याचदा तिथली मूळ वजनं काढावी लागतात. ती शोभेसाठी नसतात, थरथर कमी करण्यासाठी असतात. ती काढली की तळहाताला मुंग्या येतात आणि आरशात मागचा ट्रक नुसता धूसर ठिपका दिसतो.

स्वस्त एलईडी फॉगलाइटच्या काचेत पहिल्याच पावसात बाष्प धरतं. रिले न लावता वायरिंगला नुसता जोड मारला असेल, तर स्विच तापून वितळू शकतो. माळशेज घाटातल्या धुक्यात तर प्रखर पांढऱ्या झोताने समोरचं आणखीच कमी दिसतं.

जेल सीट? उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या जेल सीटला एकदा हात लावून बघा. त्यापेक्षा जाळीचं कव्हर कितीतरी बरं.