अक्कलदाढ काढली, आता खड्डा सांभाळा

बारावीचा शेवटचा पेपर संपला की पिंपरी-चिंचवडमधल्या घराघरांत साठलेली कामं बाहेर पडतात. चष्म्याचा नंबर, आधार कार्डावरचा पत्ता आणि प्रिलिमपासून ठणकणारी मागची दाढ. सुट्टी आहे तोवर काढून टाकू, असं ठरतं. दाढ निघते तासाभरात. खरं काम त्यानंतरच्या आठवड्यात असतं आणि ते डॉक्टरांकडे नसतं, घरच्यांकडे असतं.

अक्कलदाढ साधारण सतरा ते एकवीस या वयात वर येते. तोवर जबड्यातल्या जागा भरलेल्या असतात. जगभरातल्या पाहण्या एकत्र केल्या तर सुमारे चौघांतल्या एकाची निदान एक अक्कलदाढ हाडात किंवा हिरडीखाली अडकलेली आढळते. आणि पाचांतल्या एकाला तर चारपैकी एखादी मुळात नसतेच. जागा का पुरत नाही? मऊ, शिजवलेल्या अन्नामुळे वाढीच्या वयात जबड्याला पुरेसा व्यायाम मिळत नाही, हे एक ठळक स्पष्टीकरण. हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी हायरॅक्स नावाच्या सशाएवढ्या आफ्रिकी प्राण्यांवर हे तपासून पाहिलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, शिजवलेलं अन्न खाऊन वाढलेल्या प्राण्यांच्या चेहऱ्याच्या खालच्या आणि मागच्या भागाची वाढ सुमारे १० टक्के कमी भरली. म्हणून आता बाजरीची भाकरी सुरू केली की अठराव्या वर्षी दाढ सरळ येईल, असं मात्र नाही. ती वेळ केव्हाच गेलेली असते.

अर्धवट वर आलेली दाढ सगळ्यांत त्रासदायक. तिच्यावर हिरडीची झडप राहते, झडपेखाली अन्नाचे कण अडकतात, ब्रश तिथे पोचत नाही. जंतू वाढतात, हिरडी सुजते, गालफड दुखतं, तोंड दोन बोटंही उघडत नाही. असं वारंवार होत असेल, दाढ किडली असेल किंवा शेजारच्या चांगल्या दाढेचं नुकसान करत असेल, तर ती काढणंच योग्य. पण काही त्रास नसताना, केवळ एक्स-रेत आडवी दिसते म्हणून काढावी का? ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००० सालीच सांगितलं, की निरोगी अडकलेल्या दाढांना हात लावू नका. अमेरिकेत मात्र त्या विशीच्या आत काढून टाकण्याची रीत आहे. पुढचे दात वाकडे होतील ही भीतीही अनेकदा घातली जाते. तिला भक्कम पुरावा नाही. माझं मत ब्रिटनकडे झुकतं. काढायचीच असेल तर मात्र तरुण वय सोयीचं, हेही खरं. मुळं पूर्ण वाढलेली नसतात, हाड तितकं कठीण नसतं आणि खालच्या ओठाला संवेदना देणारी नस मुळांपासून बहुधा जरा लांब असते. ही नस कुठून जाते ते आधी ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढून पाहतात.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत भुलीचं इंजेक्शन देतात, ओठ जड होतो. दाब कळतो, ड्रिलचा आवाज कानात घुमतो, पण दुखत नाही. हिरडी बाजूला करून थोडं हाड कोरतात, दाढेचे तुकडे करून ते एकेक काढतात आणि टाके घालतात. ‘वरची दाढ काढली की नजर जाते’ ही धास्ती अजून ऐकू येते. डोळ्याची नस डोळ्यामागून थेट मेंदूत जाते, तिचा दाढेशी संबंध नाही.

आता खड्ड्याकडे येऊ. काही मिनिटांत त्यात रक्त साकळतं आणि गुठळी बसते. ही गुठळी म्हणजेच पुढच्या सगळ्या भरून येण्याचा पाया. तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, पेशी येतात, हिरडी काही आठवड्यांत मिटते आणि हाड भरायला काही महिने लागतात. गुठळी निसटली तर हाड उघडं पडतं. यालाच ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. दुखणं कमी होत आलेलं असताना तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत कळा जायला लागल्या, तोंडाला घाण वास आला, की संशय घ्यावा. खालच्या अडकलेल्या दाढांत हे जास्त होतं. त्यावर दंतवैद्य खड्डा धुऊन औषधी पट्टी भरतात. पट्टीतल्या औषधात बहुधा युजेनॉल असतं, म्हणजे लवंगेच्या तेलातलाच मुख्य घटक. पण म्हणून घरी खड्ड्यात लवंग ठेचून कोंबू नये.

गुठळी जपायची म्हणजे काय? खड्ड्यावर ठेवलेला गॉज, म्हणजे जाळीदार कापडाची घडी, अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा, दर दोन मिनिटांनी काढून बघायचा नाही. पहिला दिवस थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. ओढण्या-थुंकण्यानेच गुठळी हलते. गालाला बाहेरून बर्फ लावायचा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या. गार ताक, मऊ भात, पेज, आईस्क्रीम चालेल. चिवडा, शेंगदाणे, तीळ नकोत, कारण कण खड्ड्यात जाऊन बसतात. सिगारेट, तंबाखू, मिश्री बंद. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी कुठल्या टपरीवर मिळते हे मुलांना माहीत असतं. भोसरी-चाकणच्या कंपन्यांत अॅप्रेंटिस म्हणून लागलेल्या मुलांनी तीन-चार दिवसांची रजा काढावी. वजन उचललं, सारखं वाकलं की रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरते. खड्ड्यावर दिसणारा पांढरट-पिवळा थर पाहून आया घाबरतात. दुर्गंधी आणि वाढती सूज नसेल तर तो बहुधा पू नसतो, भरून येणाऱ्या जखमेवरचा थर असतो.

दुखण्याच्या गोळीची गंमत अशी, की वेदनाशामकांची परीक्षा जगभर याच दुखण्यावर घेतली जाते. निरोगी तरुण, ठरलेल्या वेळी सुरू होणारं ठणकणं. औषध तपासायला याहून चांगली संधी कुठली? आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र दिल्यास एकेकट्या गोळीपेक्षा चांगला आराम पडतो, हे अशाच चाचण्यांतून कळलं. मात्रा डॉक्टरच ठरवतील. पावसाळ्यात मात्र एक खबरदारी घ्या. दाढ काढल्यावर चांगला ताप भरला तर तो दाढेचाच असेल असं धरू नका. डेंग्यू असेल तर आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

अँटिबायोटिकबद्दल या गावात बोलताना एचए कंपनीला वगळता येत नाही. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये पिंपरीत जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभी राहिली आणि देशातलं पेनिसिलिन इथे बनू लागलं. दाढेसाठी हमखास लिहून दिलं जाणारं अॅमॉक्सिसिलिन त्याच कुळातलं. पण निरोगी मुलामुलींना ते दर वेळी लागतंच असं नाही. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यानुसार एक जंतुसंसर्ग टाळण्यासाठी सुमारे १९ जणांना अँटिबायोटिक द्यावं लागतं. डॉक्टरांनी दिलं तर कोर्स पूर्ण करा. ‘मागच्या वेळी हेच घेतलं होतं’ म्हणत मेडिकलमधून अर्धी पट्टी आणू नका. कमी मात्रेने जंतू निर्ढावतात, हा इशारा खुद्द पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणात दिला होता.

पिंपरीत संत तुकारामनगर परिसरातच डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय आणि महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. गॉज दाबूनही रक्त थांबत नसेल, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढतच असेल किंवा ओठ दुसऱ्या दिवशीही बधिर असेल, तर दाढ काढणाऱ्या डॉक्टरांना लगेच दाखवा. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल तर सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका. रात्र असली तरी थेट आपत्कालीन विभाग गाठा.