ओंजळीतली तापी

सुरतेच्या लिंबायतमध्ये पहाटेची अजान होते तेव्हा रातपाळीचे कारीगर अजून मागावरच असतात. गल्लीत खटखट चालू असते आणि अरुंद आभाळाच्या पट्टीत उजेड फुटायला लागलेला असतो. आमच्या गल्लीतले एक चाचा मूळचे धुळ्याकडचे. मशिदीच्या दारी ते एका लोट्यात वजू करतात, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुतात. एकदा ओंजळीतल्या पाण्याकडे बघत मला म्हणाले, "भाऊ, हे पाणी आपल्या गावाकडून आलंय." सुरत तापीचं पाणी पिते आणि ती तापी आपला खानदेश ओलांडून इथं येते, हे मला ठाऊक होतं. ओंजळीत ती मी कधी पाहिली नव्हती.

अशा पाहण्याला इस्लाममध्ये 'तफक्कुर' म्हणतात, म्हणजे सृष्टीवर मन लावून केलेलं चिंतन. त्याच्या जोडीला 'तदब्बुर' येतो, म्हणजे गोष्टीच्या शेवटापर्यंत जाणारा विचार. मग 'इबरत', म्हणजे बोध. या शब्दाच्या अरबी धातूचा अर्थ आहे पार होणं. दिसतं त्याच्या पलीकडे गेलं की बोध हाती येतो. कुराणाच्या ओळीला 'आयत' म्हणतात, आणि चंद्र, वारा, पाऊस यांनाही तोच शब्द आहे. आयत म्हणजे खूण. त्यामुळे भाविकापुढे दोन ग्रंथ उघडे असतात. एक पठणाचा, दुसरा पाहण्याचा.

कुराणाच्या 114 अध्यायांची नावं पाहिली तरी हे कळतं. मधमाशी, मुंगी, मेघगर्जना, तारा, चंद्र, सूर्य, अंजीर. एक अध्याय कोळ्याच्या नावाचा आहे. अल्लाहला सोडून दुसऱ्याचा आसरा धरणाऱ्यांचा आधार किती तकलादू, हे तिथं कोळ्याच्या घराच्या दाखल्यानं सांगितलं आहे. लिंबायतच्या कारीगराला त्यासाठी रानात जायला नको. मागाच्या कोपऱ्यात जळमट असतंच, आणि धागा किती ताण सोसतो हे त्याच्या बोटांना कळतं.

या चिंतनाला शिस्त दिली इमाम गझालींनी. 1111 मध्ये ते वारले. त्यांच्या 'इह्या उलूम अद्दीन' या चाळीस प्रकरणांच्या ग्रंथातलं एकोणचाळिसावं प्रकरण तफक्कुरवरच आहे. माणसाचं शरीर, जमीन, समुद्र, हवा, आकाश अशी पाहण्याची वाट ते दाखवतात. अल्लाहच्या स्वरूपाचा ठाव बुद्धीला लागत नाही, म्हणून त्याची निर्मिती पाहावी, असा त्यामागचा विचार. पण या पाहण्यात अंधश्रद्धेला जागा नाही. पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोकांनी दोन्हींचा संबंध जोडला. पुत्रशोकातही पैगंबरांनी सांगितलं की कुणाच्या जगण्यामरण्यासाठी ग्रहण लागत नाही. मग ग्रहणाची नमाज पढली.

रोजची उपासनाही सूर्याशी बांधलेली आहे. पाच नमाजांच्या वेळा उजेड आणि सावलीवरून ठरतात, महिना चंद्रकोरीवरून. पाऊस लांबला तर उघड्या मैदानावर वेगळी नमाज होते.

आपल्या मुलखात चिंतनाचा हा प्रवाह तापीकाठानंही आला. खुलदाबादला चिरनिद्रा घेणारे सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावानं तापीवर बुऱ्हाणपूर वसलं. तिथं 1615 च्या सुमारास डोंगरातलं झिरपतं पाणी भुयारांतून शहरात आणलं गेलं, ती कुंडी भंडाऱ्याची योजना आजही पाहता येते. औरंगाबादला बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात खापरी नळांतून आलेल्या पाण्यावर पाणचक्की फिरे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी तर 'योगसंग्राम' मराठीत लिहून सूफी विचार आणि वारकरी बोली एका ओवीत आणली. आणि सुरत म्हणजे तेव्हाचं हजचं बंदर. हाजींसाठी 1644 मध्ये बांधलेल्या मुघल सराईत आज महापालिकेचं मुख्यालय आहे.

मग आजच्या लिंबायतनं काय पाहावं? इथं झाडं कमी, आभाळ चिंचोळं. मिठी खाडी वाहते ती काळं पाणी घेऊन, आणि जोराच्या पावसात घरांत शिरते. मला वाटतं, तफक्कुरची खरी कसोटी इथंच आहे. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही पैगंबरांची शिकवण सांगितली जाते. नदी भरून वाहत असतानाही जपायचं, तर ते टंचाईच्या भीतीनं नसतं; पाणी ही खूण आहे म्हणून असतं. ज्यानं पाण्यात खूण पाहिली त्याच्यानं खाडीत कचऱ्याची पिशवी फेकवणार नाही. चिंतन हातापर्यंत उतरलं पाहिजे.

चाचांच्या लोट्यात वजूनंतर थोडं पाणी उरतं. मशिदीच्या कठड्यावर मातीचं एक पसरट भांडं आहे. चाचा ते पाणी त्यात ओततात आणि आत जातात. माग चालूच असतात. थोड्या वेळानं चिमणी येते आणि तापी पिते.