जंगलाची मालकीण

रानात लाकडं तोडणाऱ्या एका पोराला देखणी बाई भेटते. बोलणं गोड, केस मोकळे. ती पाठमोरी होते तेव्हा घागऱ्याखालून गाईचं शेपूट लोंबताना त्याला दिसतं. पोरगा ओरडत नाही, पळतही सुटत नाही. ‘बाई, परकर लोंबतोय तुमचा,’ एवढंच अदबीने म्हणतो. ती शेपूट झटकन आत ओढून घेते आणि खूश होऊन त्याच्या पदरात नशीब टाकते. नॉर्वे-स्वीडनमध्ये ही गोष्ट थोड्याफार फरकाने अनेक ठिकाणी सांगतात. या बाईच्या सगळ्या गोष्टींत मला हीच सर्वांत शहाणी वाटते.

फँटसी कादंबऱ्यांत आणि गेममध्ये भेटणारी उत्तरेकडची वनमोहिनी बहुतेक वेळा एकच काम करते: पुरुषाला भुलवते आणि त्याचा घास घेते. मूळच्या बाईचा प्रपंच याहून पुष्कळ मोठा होता.

नॉर्वेत तिला हुल्द्रा म्हणतात. स्वीडनमध्ये ती स्कूग्सरो, म्हणजे रानावर जिची सत्ता चालते ती. नॉर्वेजियन हुल्द्रेला गाईचं शेपूट असतं, तर स्वीडिश बाई बहुधा समोरून सुंदर आणि मागून कुजलेल्या झाडाच्या खोडासारखी पोकळ. डेन्मार्कच्या एल्फ-कन्यांच्या पाठीही अशाच पोकळ. आपल्या हडळीसारखं हे बाळंतपणात गेलेल्या बाईचं भूत मात्र नव्हे. हुल्द्रा मेलेली नसते. तिची गुरंढोरं असतात, घरदार असतं, आणि नॉर्वेत तर तिच्या जमातीची अख्खी अदृश्य वस्ती डोंगरात नांदते. या वस्तीचा उगम सांगताना लोकांनी बायबललाही कामाला लावलं. देव भेटीला आला तेव्हा हव्वेने आपली आंघोळ न घातलेली पोरं लपवून ठेवली. देव म्हणाला, माझ्यापासून लपवलेली माणसांपासूनही लपलेलीच राहतील. ती पोरं म्हणजे हे लोक. थोडक्यात, चुलत भावंडंच.

स्वीडनमध्ये हिच्याशी सर्वाधिक गाठ पडायची ती कोळसा पाडणाऱ्यांची आणि शिकाऱ्यांची. स्वीडनच्या लोखंडाला सतराव्या-अठराव्या शतकात युरोपभर मागणी होती आणि ते वितळवायला लागे लाकडी कोळसा. ओंडके रचून, त्यावर स्प्रूसच्या फांद्या आणि माती-कोळशाच्या भुकटीचा थर देऊन भट्टी पेटवायची आणि ती दिवसेंदिवस नुसती धुमसत ठेवायची. थराला कुठे भोक पडलं, आत वारा शिरला, तर आगीचा भडका होऊन सगळ्या मेहनतीची राख. म्हणून कोळशेवाला शेजारच्या झोपडीत एकटाच, रात्रंदिवस, अर्धवट झोपेत पहारा द्यायचा. गोष्टींमध्ये स्कूग्सरो येते ती नेमकी इथे. त्याला डुलकी लागते, भट्टी भडकायच्या बेतात असते, आणि कोणीतरी नावाने हाक मारून त्याला उठवतं. त्याबद्दल तो आपल्या शिदोरीतलं थोडं तिच्यासाठी बाहेर ठेवतो. कधी ती शेकायला आत येते, कधी अंथरुणातही येते. धूर, जागरण आणि एकांत यांनी माणसाला काय काय दिसेल याचा अंदाज बांधणं अवघड नाही. तरी त्या गोष्टींत वासनेइतकीच भट्टीची काळजी आहे, हे नजरेतून सुटू नये.

शिकाऱ्यांचं तसंच. ती प्रसन्न झाली तर बंदुकीच्या नळीत फुंकर मारते आणि मग नेम चुकत नाही. रुसली तर तीच फुंकर बंदूक निकामी करते. सावजं तिच्या मालकीची. कोणतं द्यायचं हे ती ठरवणार. स्वीडिश अभ्यासक गुन्नार ग्रानबेर्ग यांनी 1935 साली स्कूग्सरोवर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. या कथांचा मुलूख म्हणजे घरापासून लांब, एकट्याने रानात राबणाऱ्या पुरुषांचा मुलूख, हे त्यातून ठळक होतं.

बायका तरी कुठे सुटल्या होत्या? नॉर्वेत उन्हाळ्यात गुरं डोंगरावरच्या कुरणांत नेत आणि तिथल्या झोपडीत तरुण मुली दूध काढत, चीज करत राहत. त्यांच्या गोष्टींत मोहात पाडणारा पुरुष असतो: अदृश्य वस्तीतला नवरदेव वऱ्हाड घेऊन येतो, मुलीच्या अंगावर दागिने चढतात, आणि तिचा खरा प्रियकर धावत येऊन छपरावरून चांदीची गोळी झाडतो. वऱ्हाड पळतं, नवरीचा मुकुट मागे राहतो. फँटसीने हा नवरदेव जवळपास विसरून टाकला आणि बाई तेवढी ठेवून घेतली.

हुल्द्रेशी लग्नही लागतं. चर्चमध्ये विधी होताच शेपूट गळून पडतं आणि ती साधी गृहिणी होते. पुढे नवरा हात उगारू लागतो. एके दिवशी तो घोड्याच्या नालाशी झटत असताना ती पुढे होते, लोखंडी नाल नुसत्या हातांनी सरळ करते आणि पुन्हा वाकवून देते. मी गप्प बसते याचा अर्थ मला जमत नाही असा नाही, एवढंच त्याला कळतं. त्यानंतर तो सुतासारखा सरळ.

सतराव्या शतकातल्या न्यायालयांना मात्र यात विनोद दिसला नाही. 1691 साली पश्चिम स्वीडनच्या मार्क भागात स्वेन आंदरसन या बावीस वर्षांच्या तरुणाला अशा रानबाईशी संग केल्याबद्दल मृत्युदंड सुनावला गेला. खेडूत ज्यांना रानाचे, पाण्याचे राखणदार समजत, त्यांना धर्मपीठ सैतानाचे मुखवटे समजे. मिकाएल हेल या इतिहासकाराने 2013 च्या आपल्या ग्रंथात अशाच खटल्यांचा माग काढला आहे. बाईतला निव्वळ मोह वेगळा काढून त्याचा गुन्हा बनवण्याचं काम असं आधीच झालं होतं.

एकोणिसाव्या शतकाने तिला साहित्यात आणलं. पेटर क्रिस्टन आस्ब्यर्न्सन यांचा हुल्द्रा-कथांचा संग्रह 1845 आणि 1848 साली दोन भागांत आला. गंमत म्हणजे हे गृहस्थ पुढे सरकारी वनाधिकारी झाले. इब्सेनच्या 1867 च्या ‘पेर ग्युन्त’मध्ये हिरव्या वेषातली डोंगरराजाची कन्या नायकाला भुलवते, तेव्हा शेपूट लावून घ्यायची पाळी त्याच्यावर येते. स्वीडिश कवी विक्तर रिडबर्गच्या कवितेतला ब्यर्न रानबाईला हृदय देऊन बसतो आणि उरलेलं आयुष्य झुरतो. फिनलंडच्या सिबेलियसने 1895 मध्ये त्यावर वाद्यवृंदासाठी रचना केली. ती पुढे विस्मृतीत गेली आणि 1996 मध्ये पुन्हा वाजली. संगीत अप्रतिम आहे, पण भट्टी, शिदोरी, गुरं सगळं गायब. उरला फक्त मोह.

पुढच्या फँटसीने बहुधा हेच भांडवल वापरलं. काहींनी मात्र जुना व्यवहार ओळखला. डॅनिश वंशाचे अमेरिकन लेखक पोल अँडरसन यांच्या 1954 च्या ‘द ब्रोकन सोर्ड’मध्ये एल्फ लोक माणसाचं पोर पळवतात, कारण त्यांना लोखंडाला हात लावता येत नाही आणि त्यांना तसा हात हवा असतो. अदृश्य लोकांवर पोलाद भिरकावून त्यांना रोखण्याचा खेड्यातला तोडगा इथे कथानकाचा कणा झाला. आलेक्सांदर नूरदोस यांच्या 2012 च्या ‘थाले’ या नॉर्वेजियन चित्रपटात मृत्यूनंतरची साफसफाई करणाऱ्या दोघांना तळघरात एक अबोल मुलगी सापडते. शेपूट कापलेली हुल्द्रा. इथे भीती तिची वाटत नाही, तिच्यावर प्रयोग करणाऱ्यांची वाटते.

सिरी पेटरसन यांनी तर डावच उलटवला. त्यांच्या 2013 च्या ‘ओडिन्सबार्न’ कादंबरीत सगळ्यांनाच शेपटं असतात; नसतं ते फक्त नायिका हिर्काला. लहानपणी लांडग्याने तोडलं, असं तिला सांगितलेलं असतं. बिनशेपटाची पोर म्हणजे दुसऱ्या जगातून आलेली अवदसा, अशी लोकांची धारणा. त्या जगात हुल्द्रा म्हणजे आपण.

योहान एगरक्रान्स यांच्या चित्रमय पुस्तकावरून 2020 साली ‘वेसेन’ हा स्वीडिश भूमिका-खेळ निघाला. तो घडतो एकोणिसाव्या शतकात, कारखाने आणि रेल्वे पसरत असताना. खेळाडू हुल्द्रेसारख्या जिवांच्या तपासाला निघतात, पण त्यांच्यापुढे शस्त्र सहसा टिकत नाही. आधी शोधावं लागतं की कोणाचा कोणता शब्द मोडला गेला, कोणाचं रान तुटलं, आणि आता भरपाई म्हणून काय द्यायचं.