ताऱ्यांची धूळ

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात खोडद नावाचे गाव आहे. त्याच्या परिसरात पोलादी तारांच्या जाळीच्या प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर असून अशा ३० तबकड्या मिळून एकच रेडिओ दुर्बीण होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभारण्यात आली.

ही दुर्बीण प्रकाश नव्हे, तर आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपते. ताऱ्यांमधील अवकाश अगदी रिकामे नाही. तेथे विरळ वायू आणि धूळ आहे. धुराच्या कणांसारखे तिचे बारीक कण दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवितात. रेडिओ लहरींची लांबी त्या कणांहून लाखो पटींनी अधिक असल्याने त्या मात्र सहज पार होतात.

मग ही धूळ आली कोठून? वृद्ध तारे आपले बाह्य थर अवकाशात सोडून देतात. काहींचा स्फोट होतो. त्यांतून लोह, सिलिकॉन इत्यादींची तप्त वाफ बाहेर पडते. ती निवू लागली म्हणजे तिचे अणू एकमेकांवर आदळतात, चिकटतात आणि कण जन्मास येतात.

परंतु आदळलेला प्रत्येक अणू चिकटतो काय? पृथ्वीवर हे नेमके मोजणे अवघड आहे. दिव्यावर काजळ धरताना काजळी वर चढते, कारण तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. धातूच्या वाफेभोवतीही अशीच खळबळ माजते. म्हणून २०१२ साली जपानी शास्त्रज्ञांनी हा प्रयोग अग्निबाणातून आकाशात पाठविला. अग्निबाणाचे इंजिन थांबल्यावर आतील वस्तूंना काही मिनिटे वजन जाणवत नाही. त्या अवधीत लोखंडाची वाफ संथपणे निवली. लाख टकरींत जेमतेम मोजकेच अणू चिकटतात, असे आढळून आले! यावरून अवकाशात शुद्ध लोखंडाचे कण विरळाच असावेत, आणि लोह बहुधा इतर कणांवर बसून अथवा संयुगांच्या रूपाने राहत असावे, असे अनुमान निघाले.

अशाच धुळीपासून पुढे पृथ्वी घडली. नांगराच्या फाळातील लोखंड आणि आपल्या रक्तातील लोह हे दोन्ही त्याच मार्गाने आले. ताऱ्यांचा प्रकाश अडविणारी ही धूळच आपल्या भूमीचे मूळ होय.