जहाज बंदराला लागले, माणूस घराला कधी?

प्रतिनिधी, मुंबई

पहाटेचे साडेतीन वाजले की डोळे आपोआप उघडतात. घर गाढ झोपेत असते. चहा ठेवावा म्हणून अंधारात स्वयंपाकघरात जावे, तर साखरेचा डबा सहा महिन्यांपूर्वी होता तिथे नसतो. बाहेरच्या खोलीत येऊन बसावे, तर भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येते. पहाटे चार ते सकाळी आठ हा जहाजावरचा आपला वॉच. पण येथे नजर ठेवायला समुद्र नाही आणि काही विचारायला येणारा खलाशीही नाही. व्यापारी जहाजावरून सुट्टीवर आलेल्या चीफ ऑफिसरच्या घरातल्या पहिल्या पहाटा अनेकदा अशाच उजाडतात.

ज्या घराची आठवण काढत महिनेच्या महिने घालवले, त्याच घरात पोहोचल्यावर माणूस अस्वस्थ का व्हावा? 'मजा आहे बुवा तुमची, तीन-तीन महिने सुट्टी!' असे म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही. घरच्यांना मात्र पडतो, आणि कधी कधी त्याचे चुकीचे उत्तरही सापडते. 'आता याचे घरात मनच रमत नाही,' असा समज होतो. वास्तविक हा प्रश्न मायेचा कमी आणि व्यवस्थेचा अधिक आहे.

नवी नव्हे ही ये-जा

मुंबई, कोकण आणि गोव्याला हा अनुभव नवा नाही. वाफेच्या जहाजांच्या काळापासून रत्नागिरीकडची माणसे बोटीवर जात आली आहेत. गोव्याचे खलाशी दोन जहाजांच्या मधला काळ मुंबईत धोबीतलाव परिसरात आपापल्या गावांच्या 'कुडां'मध्ये काढत. पुढच्या बोटीचे बोलावणे येईपर्यंत राहण्यासाठी गावकऱ्यांनी मिळून चालवलेली ही वसतिस्थाने होती. आज पत्राची जागा व्हिडिओ कॉलने घेतली आहे, जहाजांवर इंटरनेट आले आहे आणि भारतीय महिलाही अधिकारी म्हणून समुद्रावर जात आहेत. जाण्या-येण्याचे मूळ चक्र मात्र तेच आहे. अधिकाऱ्यांचे करार साधारणपणे चार ते सहा महिन्यांचे असतात, खलाशांचे बहुधा नऊ महिन्यांपर्यंत. त्यानंतर काही आठवडे किंवा महिने घरी आणि पुन्हा प्रस्थान.

शरीर मागे राहते

जहाज पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे जात असताना घड्याळे बहुधा एकेका तासाने पुढे-मागे केली जातात. त्यामुळे शरीराला जुळवून घ्यायला सवड मिळते. परतीचा प्रवास मात्र विमानाने होतो आणि अनेक तासांचा फरक एका रात्रीत अंगावर येतो. झोप-जागेचे चक्र चालवणारे आपले जैविक घड्याळ मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात असते आणि ते मुख्यतः डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशावर चालते. ते ढोबळमानाने दिवसाला एखादा तासच सरकते. पूर्वेकडे, म्हणजे युरोप-अमेरिकेतून भारताकडे येताना, ते सरकवणे आणखी जड जाते.

त्यात जहाजावरची झोप मुळातच तुटक असते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. पण हे १० तास दोन भागांत विभागता येतात. त्यांपैकी एक भाग सहा तासांचा असला म्हणजे झाले. चार तास काम आणि आठ तास मोकळीक अशा पाळ्यांमध्ये सेकंड ऑफिसरच्या वाट्याला दुपारी व मध्यरात्री बारा ते चार ही वेळ येते. अशा वेळापत्रकात मुरलेल्या शरीराने घरी येताच रात्री अकराला झोपून सकाळी सातला उठावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. इंजिनाच्या अखंड घरघरीत झोपण्याची सवय झालेल्या काहींना तर घरातली शांतताच जागी ठेवते.

जमिनीवर उतरल्यावरही पायांखाली काही हलत असल्याचा भास होतो, तोही याच जातीचा. डोलणाऱ्या डेकशी जुळलेल्या मेंदूला स्थिर जमिनीची सवय पुन्हा करून घ्यावी लागते. बहुतेकांचा हा भास काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत ओसरतो. तो आठवडेच्या आठवडे टिकला, तर डॉक्टरांना दाखवणे योग्य.

घर एकटे चालायला शिकलेले असते

शरीर आठवड्या-दोन आठवड्यांत रुळावर येते. घरातली जागा सापडायला अधिक वेळ लागतो. कारण मधल्या काळात घर थांबलेले नसते. मुलाच्या शाळेतली पालकसभा, सासूबाईंचा रक्तदाब, सोसायटीतला गळतीचा वाद, बँकेची कामे हे सारे कोणीतरी एकटीने निभावलेले असते. त्यासाठी तिने आपल्या पद्धती बसवलेल्या असतात. मुलांनाही ठाऊक असते की 'नाही' म्हणजे नाही.

अशा घरात तो येतो. हुद्द्याने त्याला निर्णय घेण्याची आणि ते तत्काळ अमलात येताना पाहण्याची सवय असते. पहिला आठवडा भेटवस्तू, चॉकलेटे आणि आवडीच्या मासळीत सरतो. दुसऱ्या आठवड्यात तो कपाटातल्या फायली लावायला घेतो, विजेचे बिल एवढे का आले ते विचारतो, दहा वाजता झोपणाऱ्या मुलांना बारापर्यंत जागू देतो. त्याच्या दृष्टीने हा घरात हातभार असतो. तिला मात्र ती आपल्या कामाची तपासणी वाटते. उलट, त्याने काहीच केले नाही तर 'पाहुण्यासारखा राहतो' ही तक्रार असतेच. मित्र कामावर आणि मुले शाळेत गेलेली असतात, तेव्हाची लांबलचक दुपार त्याला खायला उठते.

या ताणाची दखल वैद्यकीय अभ्यासकांनीही घेतली आहे. स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन परिसरात, उत्तर समुद्रातील तेलक्षेत्रावर कामाला जाणाऱ्यांच्या पत्नींविषयी १९८५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही स्त्रियांमधील चिंता आणि नैराश्य पतीच्या जाण्याशीच नव्हे, तर परत येण्याशीही जोडलेले असल्याचे त्यात मांडले होते. वियोग त्रास देतो हे सर्वांना ठाऊक असते. पुनर्मीलनही श्रमाचे असते, हे सहसा बोलले जात नाही.

'परत कधी?'

सुट्टीवर आलेल्या माणसाला भेटणारा प्रत्येक जण दोन प्रश्न विचारतो. 'कधी आलात?' आणि लगेच, 'परत कधी?' या दुसऱ्या प्रश्नामागे हिशेब असतो. सागरी कामगार करारानुसार कामाच्या प्रत्येक महिन्यामागे किमान अडीच दिवसांची सवेतन रजा देय आहे. भारताने २०१५ मध्ये या कराराला मान्यता दिली. परंतु परदेशी जहाजांवर करारावर जाणाऱ्या अनेकांना रजेचा मोबदला करारकाळातच चुकता होतो. घरी असताना दरमहा पगार येत नाही, हप्ते मात्र येतात.

दुसरा हिशेब आयकराचा. आर्थिक वर्षात भारतातील वास्तव्य १८२ दिवसांवर गेले की व्यक्ती निवासी ठरते आणि करआकारणीची बाजू बदलते. त्यामुळे कित्येक घरांत दिनदर्शिकेवर सणांबरोबर हे दिवसही मोजले जातात. सुट्टीतलेच काही दिवस वैद्यकीय तपासणी आणि दर पाच वर्षांनी लागणाऱ्या सुरक्षा प्रशिक्षणाच्या उजळणीत जातात. म्हणजे मुक्काम घरी असला, तरी अर्धे लक्ष पुढच्या जहाजाकडेच लागलेले असते.

हे लांबणे किती जाचक होऊ शकते, ते २०२० मध्ये दिसले. कोविडमुळे बंदरे आणि विमानसेवा बंद झाल्या. त्या वर्षाच्या अखेरीस जगभरातील सुमारे ४ लाख दर्यावर्दी करार संपूनही जहाजांवर अडकले होते. जवळपास तेवढेच घरी, कामावर जाण्याच्या प्रतीक्षेत होते. घरी अडकलेल्यांविषयी कमी बोलले गेले. कारण घरी असणे ही अडचण असू शकते, हेच अनेकांना पटत नाही.

काय करता येईल?

* पहिले काही दिवस झोपेसाठी राखावेत. सकाळचे ऊन अंगावर घ्यावे, दुपारची झोप थोडक्यात आटपावी. समारंभ आणि गावचा दौरा दुसऱ्या आठवड्यावर ढकलावा.

* घरातली एखादी पद्धत बदलण्यापूर्वी ती तशी का बसली, हे विचारावे. उत्तर बहुधा समंजस असते.

* एक-दोन कामे पूर्णपणे अंगावर घ्यावीत. मुलांना शाळेत सोडणे असो वा आई-वडिलांचे दवाखाने. रोजच्या कामातूनच घरातली जागा परत मिळते.

* मुलांच्या नियमांत दोघांचा सूर एकच असावा.

* पैसे आणि पुढच्या जहाजाची तारीख यांविषयी सुरुवातीलाच मोकळेपणाने बोलावे. न बोललेली तारीख रोज मध्ये येते.

* उदासी, चिडचिड किंवा निद्रानाश कित्येक आठवडे टिकल्यास डॉक्टरांचा सल्ला घेण्यात संकोच करू नये.

जहाजावर एक अधिकारी उतरतो आणि दुसरा चढतो, तेव्हा कामाची लेखी नोंद हाती दिली जाते. काय बिघडले आहे, काय दुरुस्त झाले आणि कशावर लक्ष ठेवायचे, ते सारे त्यात असते. घरात अशी वही नसते. म्हणून पहिल्या काही दिवसांत एखादी संध्याकाळ काढून, तिने सांगावे आणि त्याने ऐकावे, एवढे झाले तरी पुष्कळ आहे.

रात्रीच्या वॉचसाठी आणखी एक नियम आहे. उजेडाच्या केबिनमधून ब्रिजवर आलेल्या अधिकाऱ्याने, डोळे तिथल्या अंधाराला पुरते सरावल्याशिवाय सूत्रे हाती घ्यायची नसतात. तोपर्यंत आधीचा अधिकारी जागेवर असतो, आणि यात कोणाला कमीपणा वाटत नाही. समुद्रावरून घरी आलेल्या माणसालाही तेवढी सवड द्यायला हवी. आणि तोवर घर सांभाळणारीचा मानही राखायला हवा.